मत्स्यविनोद : मॉरिशसच्या खोल समुद्रात

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ ज्यांनी चाळला असेल, त्यांस त्यातील एका प्रकरणाशी आल्यावर थोडे थबकावे लागले असेल. इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाची शंभर प्रकरणे असून ती वीस वीसच्या पाच विंशतींत विभागली आहेत. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, सुखे कशी भोगावी, मन कशाने रमवावे, असा हा सगळा पसारा आहे. त्यातील विनोदांच्या विंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. विनोद म्हणजे येथे थट्टा नव्हे, करमणूक. समुद्रातले मासे व नदीतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, कोणास कोणते खाद्य रुचते, गळ, दोरी व काठी कशी असावी, हे सर्व राजाने, किंवा त्याच्या पदरच्या पंडितांनी, मोठ्या आवडीने सांगितले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ संपादून त्याचा पहिला भाग १९२५ साली प्रसिद्ध केला. जिज्ञासूंस तो मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकेल.

राजाच्या ताटात मासे वाढणारे आचारी पुष्कळ असतील. त्याला पोटासाठी गळ टाकण्याची गरज नव्हती. म्हणूनच त्या प्रकरणास विनोद हे नाव शोभते. ज्याला भूक नाही अशा मनुष्याने माशाशी मांडलेला हा खेळ आहे, आणि तो आजही चालू आहे. फरक इतकाच की राजाच्या तळ्याच्या जागी आता महासागर आहे, वेळूच्या काठीच्या जागी नव्या द्रव्यांची लवचिक छडी आहे, आणि राजाच्या जागी कोणीही पैसेवाला मनुष्य आहे. उष्ण कटिबंधातील बेटांवर दिवसाच्या बोलीने खाजगी नौका भाड्याने मिळते. तिच्याबरोबर तांडेल, खलाशी, गळ, आमिषे सर्व काही येते. पाहुण्याने फक्त खुर्चीत बसावयाचे. अशा एका नौकेवर गेल्या डिसेंबरात मॉरिशस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मी एक दिवस काढला. मी शाकाहारी, मासा धरणे दूरच, शिजलेला मासाही माझ्या घरात कधी आला नाही. तेव्हा पुढील मजकूर पाहणाऱ्याचा आहे, खेळणाऱ्याचा नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रथम या खेळाविषयी थोडे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यासमोर कॅटलिना नावाचे बेट आहे. तेथे चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या गृहस्थाने १८९८ साली एक मंडळ स्थापिले आणि मोठा मासा धरावयाचा तो बारीक दोरीने, एकट्याने व नियमाने, असा पायंडा पाडला. पुढे १९३९ साली न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात या खेळाची एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. उच्चांकांची नोंद ती ठेवते. तिचा मुख्य नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: मासा गळाला लागल्यापासून नौकेशी येईपर्यंत छडीला दुसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. अल्फ्रेड ग्लासेल याने १९५३ च्या ऑगस्टात पेरू देशातील काबो ब्लांको येथे १,५६० पौंडांचा, म्हणजे सुमारे ७०७ किलोंचा, काळा मार्लिन धरला. तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही. १९७० साली हवाई बेटांतील ओआहूजवळ १,८०५ पौंडांचा निळा मार्लिन एका भाड्याच्या नौकेने आणला होता. परंतु छडी एकाहून अधिक जणांनी हाताळली, सबब त्याची नोंद उच्चांकांत झाली नाही. परीक्षेत कॉपी सापडली म्हणजे पेपर कितीही उत्तम असला तरी बाद होतो, त्यातलाच हा प्रकार.

मार्लिन म्हणजे कोण, हे आपल्याकडील पुष्कळांस हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीमुळे ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने १९६५ साली तिचा अनुवाद केला. भाल्यासारखी लांब चोच, पाठीवर गर्द निळा रंग, पोटाकडे रुपेरी, असा हा मासा. यात मादी नराहून पुष्कळ मोठी होते. नर बहुधा दीडशे किलोंच्या आतच राहतो, आणि ज्यांची छायाचित्रे आपण पाहतो ते प्रचंड मासे सगळे माद्याच असतात. आणखी एक आश्चर्य असे की मासा थंड रक्ताचा असे आपण मुलांस शिकवितो, तथापि या कुळातील माशांच्या डोळ्यांच्या एका स्नायूचे रूपांतर होऊन मेंदूखाली जणू एक शेगडीच तयार झालेली असते. खोल व थंड पाण्यात उतरले तरी मेंदू व डोळे ऊबदार राहतात आणि नजर मंदावत नाही. याच्या वेगाविषयी मात्र पुस्तकांतून फार अतिशयोक्ती झाली आहे. याच्याच कुळातील शिडाच्या पराचा मासा ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने पोहतो असे छापलेले मी स्वतः वर्गात वाचून दाखविले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्नायूंच्या आकुंचनाचा वेळ मोजून तो वेग ताशी तीस-पस्तीस किलोमीटरांच्या आसपास ठरविण्यात आला. तेवढाही काही थोडा नव्हे.

आता मॉरिशसच का? मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास, घड्याळ दीड तास मागे करावयाचे, आणि आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर असतो. बेट ज्वालामुखीपासून झालेले. सभोवती प्रवाळखडकाचे जवळजवळ पुरते कडे आहे. त्याच्या आत गुडघाभर-कमरभर निवळ पाणी, आणि त्या कड्याबाहेर गेले की तळ एकदम खाली उतरू लागतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर मैलोन् मैल गेले तरी पाणी उथळच असते, कारण भूखंडाचा कट्टा दूरवर पसरलेला आहे. मॉरिशसला तो कट्टा अगदी अरुंद. नैर्ऋत्येस ल मोर्न नावाचा ५५६ मीटरांचा कातळी डोंगर थेट समुद्रात घुसला आहे. तो डोंगर डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत असतानाच नौकेखाली शेकडो वाव पाणी असते. महासागराचा प्रवाह या बुडालेल्या उतारावर आदळून वर येतो, त्याबरोबर अन्न वर येते, अन्नामागे लहान मासे, लहानांमागे गेदर, आणि गेदरांमागे मार्लिन. मत्स्यन्याय हा शब्द आपण राज्यशास्त्रात शिकतो. येथे तो मूळ अर्थाने पाहावयास मिळतो. नोव्हेंबर ते मार्च हा निळ्या मार्लिनचा हंगाम, आणि ल मोर्नच्या उत्तरेस असलेली काळ्या नदीची खाडी, फ्रेंच नाव रिव्हिएर न्वार, हे या नौकांचे मुख्य ठाणे.

याच काळ्या नदीच्या जिल्ह्यात कास्काव्हेल नावाचे गाव आहे, आणि तेथून मराठी माणसांचा आपला संबंध सुरू होतो. १८३४ साली गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून गणला जातो. त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडील लोकही होते. त्या काळी आमच्या वाडवडिलांत समुद्रयान कलिवर्ज्य म्हणून प्रायश्चित्ताचे वाद चालत. हे लोक कोणास न विचारता समुद्र ओलांडून गेले, आणि गणपतीही बरोबर घेऊन गेले. गणेशचतुर्थीस तेथे आज सरकारी सुट्टी असते.

माझा पुतण्या एबेने येथील एका कचेरीत नोकरीस आहे. त्याने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी मिळून एका दिवसाची नौका ठरविली आणि "काका, तुम्ही नुसते या, समुद्र पाहा" असा आग्रह धरला. दूरध्वनीवरून ही गोष्ट घरी कळविताच मंडळींचे पहिले वाक्य आले, "अहो, पोर चुकले तर त्याला समजावयाचे, की त्याच्याबरोबर जावयाचे?" हा प्रश्न बिनतोड होता. मी एवढेच उत्तर दिले की न पाहता समजाविणे हे आयुष्यभर पुष्कळ झाले, एकदा पाहून समजावितो. त्यावर, निघताना दिलेला आलेपाक आठवणीने खिशात ठेवा, अशी आज्ञा झाली. तो फार उपयोगी पडला.

सकाळी साडेसहास आम्ही धक्क्यावर पोहोचलो. नौका सुमारे चाळीस फुटांची, दोन डिझेल यंत्रांची. वर उंच माचीवर सुकाणू, मागे मोकळ्या जागेत मधोमध जमिनीस जखडलेली, फिरणारी, पाय टेकण्यास पट्टी असलेली खुर्ची. ही खुर्ची पाहून मला प्रथम दंतवैद्याची आठवण झाली. दोहों बाजूंस दोन लांब वासे आकाशाकडे उभे होते. समुद्रात गेल्यावर ते पंखांसारखे आडवे पसरतात व त्यांवरून दोऱ्या सोडल्या म्हणजे आमिषे एकमेकांत न गुंतता दूर दूर राहतात. तांडेल पन्नाशीचा, क्रिओल बोलणारा, अल्पभाषी. दोन खलाशी, त्यांपैकी धाकटा चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्याने माझ्या कपाळावरील गंध पाहून हात जोडले आणि "नमस्कार, तोंतों" असे म्हटले. तोंतों म्हणजे तिकडच्या भाषेत वडील माणसास काका. त्याच्या पणज्याचा बाप रत्नागिरीकडून आला एवढे त्यास ठाऊक होते. गावाचे नाव घरात कोणासच ठाऊक नव्हते. मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवितात, आणि हा मुलगा तो शिकला होता. मी खिशातील वही पुढे केली. त्याने देवनागरीत आपले नाव लिहिले. ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते. ज्याने जन्मभर वह्या तपासल्या त्यास यात किती आनंद झाला असेल ते सांगत बसत नाही.

निघण्यापूर्वी तांडेलाने जी गोष्ट स्पष्ट केली ती या सर्व प्रकारातील मुख्य होय. मॉरिशसात जुनी रीत अशी आहे की भाड्याच्या नौकेवर धरलेला मासा हा नौकेचा असतो, पाहुण्याचा नसतो. पाहुण्यास खेळ मिळतो, छायाचित्र मिळते, फार तर रात्रीच्या जेवणापुरता एखादा तुकडा मिळतो. बाकीचा मासा विकला जातो. मार्लिनचे धुरावलेले पातळ काप लिंबाबरोबर खाणे ही त्या बेटाची प्रसिद्ध मेजवानी आहे, त्यामुळे त्यास गिऱ्हाईक नेहमी असते. या नौकेवर विक्रीच्या पैशात खलाशांचाही वाटा होता. पुतण्याने मात्र मार्लिन सापडला तर खूण लावून सोडून द्यावयाचा असे मनात ठरविले होते; आजकाल परदेशात सुजाण खेळाडूंत हीच पद्धत आहे. हे त्याने बोलून दाखविले तेव्हा धाकट्या खलाशाच्या तोंडावरचे हसू किंचित मावळले. थोड्या आग्रहाने त्याने मला मराठी-क्रिओल मिसळून सांगितले ते असे: काही दिवसांपूर्वीच्या पाहुण्यांनी मोठा मासा न विचारता सोडावयास लावला, मोठ्याने टाळ्या पिटल्या, आपण किती दयाळू याची छायाचित्रे काढली, आणि बक्षीस म्हणून जे दिले त्यात घरी न्यावयाचे पावही आले नसते.

आपल्या धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांपैकी एक अस्वामिविक्रय, म्हणजे जी वस्तू आपली नव्हे ती विकणे. मला वाटते, जी वस्तू आपली नव्हे ती दान करणे हेही त्याच घरातील आहे. रीतीप्रमाणे मासा नौकेचा. मग तो सोडून देण्याचे पुण्य पाहुण्याने कोणत्या अधिकाराने घ्यावे? पुतण्या मुलगा समजूतदार. त्याने माशाच्या अंदाजी किमतीइतकी भरपाई देण्याचे तेथेच कबूल केले, खलाशांचा वाटा वेगळा काढून देण्याचे ठरले, आणि मासा फार थकला किंवा जखमी झाला तर तो नौकेवर घ्यावयाचा, हेही ठरले. त्याच्या एका सहकाऱ्यास हा खर्च व्यर्थ वाटला. मासा काय आपल्याला ओळखणार आहे, असे तो म्हणाला. ते खरेच होते. तथापि खलाशी ओळखणार होता.

प्रवाळाच्या कड्यातील वाटेतून बाहेर पडताच पाण्याचा रंग हिरव्यातून एकदम शाईसारखा झाला. मागे बेटाचे सर्वात उंच शिखर, ८२८ मीटरांचे, ढगात होते. नौका सावकाश, म्हणजे माणूस धावेल त्याहून किंचित जलद, चालू लागली, आणि पाच दोऱ्या मागे सोडण्यात आल्या. आमिषे म्हणजे रंगीबेरंगी झालरी लावलेली, पाण्यावर फेस उडविणारी खोटी माकुळे व उडते मासे. त्यानंतर तीन तास काहीही घडले नाही. या खेळाच्या वर्णनांत हे तीन तास कोणी लिहीत नाही. उन्हाने डोके तापते, धुराचा वास येतो, नौका डोलते, पुतण्याचा एक मित्र कठड्यास धरून ओकत असतो, आणि तांडेल एक शब्द न बोलता पक्ष्यांकडे पाहत असतो. पक्षी जेथे घिरट्या घालतात तेथे खाली लहान मासे असतात. एकदा त्याने नौका वळविली आणि पाठोपाठ दोन डोराडो लागले. पाण्यातून निघताना सोन्यासारखा पिवळा व हिरवा झळकणारा हा मासा मरताना क्षणोक्षणी रंग बदलतो आणि शेवटी करडा होतो. ते मी पाहिले. दुसऱ्यांदा पाहावयास नको, म्हणून सुरमईच्या कुळातला एक लांबट वाहू लागला तेव्हा मी तोंड फिरवून ल मोर्नकडे पाहत बसलो. हे तिन्ही मासे नौकेचे झाले.

अकराच्या सुमारास उजवीकडच्या वाशावरची दोरी टपकन सुटली आणि रिळाने जो किंचाळल्यासारखा आवाज केला तो अद्याप कानात आहे. तांडेलाने एकच शब्द उच्चारला. सर्व धावपळ झाली. बाकीच्या दोऱ्या भराभर आत घेतल्या गेल्या, पुतण्यास खुर्चीत बसवून पट्टे आवळले, आणि तेवढ्यात शंभर वावांवर समुद्र फुटून मासा उभाच्या उभा बाहेर आला. डोके झटकीत, शेपटीवर चालल्यासारखा तो दोनदा उसळला व पाण्यात गेला. निळा रंग म्हणजे काय हे तेव्हा कळले. त्या रंगास उपमा शोधण्याचा मोह मी आवरतो.

त्यानंतर सत्तर मिनिटे जे चालले त्यात शक्तीपेक्षा युक्ती अधिक होती. मासा पळतो तेव्हा ओढावयाचे नाही, दोरी जाऊ द्यावयाची. तो थांबला की छडी उचलून खाली आणताना रीळ फिरवावयाचे. तांडेल नौका उलटी हाकून माशाच्या मागे नेतो, त्यामुळे दोरी परत मिळते. म्हणजे अर्धा खेळ सुकाणूवरचा मनुष्यच खेळत असतो. पुतण्याचे हात थरथरू लागले, तोंडावर पाणी मारले गेले. सहकारी म्हणाला, मी घेतो थोडा वेळ. धाकट्या खलाशाने मान हलविली. उच्चांकाचा तेथे प्रश्न नव्हता, तरी नियम तो नियम.

अखेर मासा बाजूस आला. थोरल्या खलाशाने हातमोजे घालून शेवटची जाड दोरी धरली. तांडेलाने वरून पाहून अंदाज सांगितला, दोनशे किलो. तेव्हा सहकारी मोठ्याने म्हणाला, "अरे, घ्या वर! पुन्हा कधी दिसणार आहे?" धक्क्यावर वजन करण्याची एक कमान असते, तिला मासा उलटा टांगून शेजारी उभे राहून छायाचित्र काढण्याची हौस त्याला होती. आकडी खलाशाच्या हाताशीच होती. तो तांडेलाकडे पाहत होता, तांडेल पुतण्याकडे. पुतण्यास बोलण्याइतका श्वास नव्हता. त्याने हाताने नाही अशी खूण केली. मासा फार थकलेला पण धड होता, गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता, रक्त नव्हते. तांडेलाने मान हलविली.

मग जे झाले ते मला सर्वात विलक्षण वाटले. एका काठीच्या टोकाने पाठीच्या स्नायूत पिवळी चिंचोळी खूण रोवली, तिच्यावर क्रमांक. गळ काढला. आणि लगेच सोडून न देता त्या धाकट्याने ओणवे होऊन दोन्ही हातांनी चोच धरली, आणि नौका हळूहळू पुढे चालू लागली. या माशास स्थिर राहून श्वास घेता येत नाही; तोंडातून पाणी आत वाहून कल्ल्यांवरून गेले पाहिजे. बुडालेल्या माणसास आपण धाप देतो तसे ते होते. चार-पाच मिनिटे गेली. फिका पडलेला रंग पुन्हा गडद होऊ लागला, शेपटी हलली, आणि मुलाने हात सोडले. मासा घाई न करता खाली गेला. मुलगा उठला तेव्हा चोचीच्या खरखरीत कडेने त्याच्या तळहाताची साल निघाली होती. "मोठी होती, तोंतों," एवढेच तो म्हणाला. स्त्रीलिंग त्याने बरोबर वापरले होते.

खुणेबरोबर एक पत्रक भरावयाचे असते: तारीख, जागा, अंदाजी लांबी व वजन, सोडताना माशाची स्थिती. पुतण्याचे हात चालत नव्हते, म्हणून ते मी भरले. या पत्रकांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९९२ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअरसमोर एका निळ्या मार्लिनला अशीच खूण लावून सोडले होते. तो १९९५ साली, १,१०८ दिवसांनी, पुन्हा सापडला तो याच मॉरिशसच्या समुद्रात. दोन जागांमधले अंतर १४,८९३ किलोमीटर. अटलांटिक महासागर ओलांडून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून तो हिंदी महासागरात आला होता. कोण्या एका देशाने हा मासा आपला म्हणावा असा तो नाहीच, हे या एका खुणेने दाखविले. म्हणून सेशेल्स येथे कचेरी असलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगासारख्या संस्था लागतात. त्या आयोगाने २०१८ साली निळ्या मार्लिनसाठी वर्षास सुमारे १२ हजार टनांची मर्यादा घातली, आणि साठ सेंटिमीटरांहून लहान मार्लिन ठेवून घेण्यास मनाई केली. एवढे मार्लिन छडी घेतलेले शौकीन धरीत नाहीत. ते मुख्यतः गेदरांसाठी सोडलेल्या, दहा दहा कोस लांब व हजारो गळांच्या दोरांवर आणि वाहत्या जाळ्यांत सापडतात. तेथे छायाचित्र कोणी काढीत नाही, म्हणून आपल्यास त्याची दया येत नाही.

आता मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर. सोडून दिल्याने हिंसा नाहीशी होते, असे मी म्हणत नाही. २००३ साली ब्रिटिश संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती पीडा जाणणारे मज्जातंतू दाखवून दिले. माशास दुःख खरोखर 'जाणवते' काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण ज्याला सत्तर मिनिटे झुंजताना मी पाहिले त्याला काहीच होत नव्हते असे मला कोणी पटवू शकणार नाही. सोडलेल्यांपैकी काही मासे पुढे मरतातही. पोटासाठी जाळे टाकणारा आमचा कोळी आणि मन रमविण्यासाठी गळ टाकणारा राजा, यांत मी कोळ्यास अधिक निर्दोष समजतो, आणि आमचे सारस्वत बंधू बाजारातून मासळी आणून खातात त्यास नाके मुरडणाऱ्या आमच्या लोकांनी या शौकाकडे केवळ तो विलायती म्हणून कौतुकाने पाहू नये. पुतण्यास मी हे सर्व संध्याकाळी सांगितले. त्याने ऐकून घेतले. पुन्हा जाणार का, याचे उत्तर त्याने दिले नाही, आणि मीही आग्रह केला नाही. भरपाईचे पैसे मात्र त्याने धक्क्यावर उतरताच मोजून दिले. धाकट्याने एक डोराडो घरी नेला. मोहरी व हळद लावून त्याची आई त्याचे विंदाय करते म्हणाला.

ज्यांच्या घरची तरुण मंडळी अशा सहलीस जाणार असतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. अर्ध्या दिवसाची नौका साधारण सहा तासांची, पूर्ण दिवसाची आठ-नऊ तासांची असते आणि पाच-सहा माणसे नेते. पैसे देण्यापूर्वी मासा कोणाचा, सोडावयाचा झाल्यास भरपाई काय, आणि खलाशांचा वाटा कोणता, हे स्पष्ट विचारावे. जबड्याच्या कोपऱ्यातच रुतणारा वाटोळा गळ मागावा. तो पोटात जात नाही. मासे खाणाऱ्या घरांनी हेही जाणावे की मोठ्या शिकारी माशांच्या मांसात पारा साठतो, आणि अमेरिकेच्या अन्नौषध खात्याने गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस व लहान मुलांस मार्लिन वर्ज्य सांगितला आहे. समुद्र लागत असेल तर औषध धक्क्यावरच घ्यावे, लाटांत गेल्यावर ते पोटात राहत नाही. टोपीस बंद असावा. आणि शाकाहारी मनुष्याने आपला डबा बरोबर न्यावा; मी नेलेल्या दशम्या व चटणी तांडेलासह सर्वांनी वाटून खाल्ली, त्यामुळे मला दोनच उरल्या.